सोप्यातला संगणक

गेल्या वर्षी एका महिन्याच्या १९ तारखेला रात्री नऊ वाजता मी टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडले, तेव्हा ज्या दुकानाचे जीएसटीचे विवरणपत्र दुसऱ्या दिवशी भरायचे होते, त्या दुकानाचे नावच यादीत दिसेना. जीएसटीआर-३बी भरण्याची मुदत २० तारखेला संपते, हे व्यापाऱ्यापेक्षा त्याचे हिशेब लिहिणाऱ्याला अधिक पक्के ठाऊक असते. बेळगावातल्या शहापूर आणि टिळकवाडी भागातल्या काही दुकानांचे हिशेब मी घरी बसून लिहिते, आणि आमच्या घरात संगणक एकच आहे. दिवसा तो माझ्या पोटापाण्याचा असतो आणि संध्याकाळी मुलांचा होतो. दोन तास शोधल्यावर त्या दुकानाचा आकड्यांचे नाव असलेला फोल्डर मला सापडला, तो माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या चित्रांच्या फोल्डरमध्ये, एका हत्तीच्या आणि दोन ट्रॅक्टरांच्या शेजारी. सकाळी विचारले तेव्हा चिरंजीवांनी अगदी शांतपणे सांगितले, "मी काय मोडलो नाही. ते पिवळं होतं म्हणून माझ्याकडं ठेवलो."

त्याचे म्हणणे खरेच होते. त्याने काही मोडले नव्हते. चूक माझी होती, कारण घरातली सगळी माणसे एकाच खात्यातून संगणक वापरत होती, आणि त्या खात्याला त्या यंत्रावरचे सगळे अधिकार होते. विहिरीला कठडा न बांधता पोराला "आत वाकू नकोस" म्हणून ओरडत बसावे, तसा तो प्रकार होता. त्या रविवारी मी विंडोजमध्ये तीन खाती केली. सर्वाधिकार असलेले खाते माझे आणि त्याला पासवर्ड. मुलीचे आणि मुलाचे खाते साध्या प्रकारचे, म्हणजे ज्यातून सगळ्या यंत्रासाठी नवे सॉफ्टवेअर बसवता येत नाही, यंत्राच्या मूळ मांडणीला हात लावता येत नाही, आणि दुसऱ्याच्या खात्यातली कागदपत्रे उघडता येत नाहीत. टॅलीची सगळी माहिती मी माझ्या खात्याच्या आत हलवली आणि तिची एक प्रत रोज रात्री पेन ड्राइव्हवर घ्यायला लागले. हे काम अर्ध्या तासाचे होते, आणि ते मी चार वर्षे केले नव्हते.

पुढचे काम मात्र अर्ध्या तासाचे नव्हते. मुलांनी संगणकावर काय करावे, किती वेळ करावे आणि तो वेळ संपल्यावर रडारड न होता कसे उठावे, हे कुठल्याही खात्याच्या मांडणीत बसवता येत नाही, हे कळायला मला जवळजवळ वर्ष गेले.

सुरुवातीला संगणक आतल्या खोलीत होता, कारण मला कामाला शांतता हवी होती. मुले संध्याकाळी तिथे बसत, दार अर्धे लोटलेले असे, आणि स्वयंपाकघरातून मला फक्त आवाज ऐकू येत. मग तो आम्ही बाहेर सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत आणला. सोप्यात येणाजाणाऱ्यांची वर्दळ असते, दुधवाला डोकावतो, शेजारच्या काकू येऊन बसतात, आणि मुख्य म्हणजे सासूबाई तिथेच भिंतीला टेकून तांदूळ निवडत असतात. संगणकाचा पडदा दाराच्या बाजूला केलेला आहे, म्हणजे जाता-येता कोणालाही दिसतो. आमचे टेबल मोठ्या माणसाच्या मापाचे असल्यामुळे मुलाचे पाय खुर्चीवरून लोंबकळत आणि दहा मिनिटांत तो खुर्चीतच मांडी घालून, मान वर करून, विचित्र कोनात बसे. आता त्याच्या पायांखाली एका उलट्या घमेल्यावर जेवणाचा पाट ठेवलेला असतो आणि पाठीमागे उशी. पडद्याची वरची कड त्याच्या डोळ्यांच्या रेषेच्या किंचित खाली यावी, एवढे जमले की पुष्कळ.

सासूबाईंना संगणकातले काही कळत नाही, आणि मला वाटते की त्यांची देखरेख परिणामकारक होण्याचे खरे कारण हेच आहे. मला मुलगा काय करतो आहे ते एका नजरेत कळते, म्हणून मी विचारत नाही. त्यांना कळत नाही, म्हणून त्या विचारतात. "हे काय? ते कुठे निघालं? त्याला कशाला मारलास?" मग त्याला खेळ थांबवून आजीला समजावून सांगावे लागते, आणि जे आजीला समजावून सांगण्यासारखे नसते, ते सोप्यात बसून पाहण्याचा त्याचा उत्साहही कमी होतो. एकदा तो एकामागून एक येणारे खेळण्यांचे व्हिडिओ बघत बसला होता. सासूबाईंनी बराच वेळ पाहिले आणि विचारले, "कीर्तनसुद्धा आरती झाली की संपतंय. हे तुमचं कवा संपतंय?"

त्याच्याकडे उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझ्याकडेही नव्हते.

तोपर्यंत मी वेळेचा प्रश्न घड्याळाने सोडवत होते. मायक्रोसॉफ्टची जी कौटुंबिक सोय आहे, तिच्यात मुलाचे खाते जोडले की रोज किती वेळ द्यायचा ते ठरवता येते. वेळ संपत आली की आधी सूचना येते आणि संपली की पडदा बंद होतो. मुलाला हवा असेल तर तो आणखी वेळ मागू शकतो आणि ती मागणी पालकाकडे येते. सोय चांगली आहे, माझी तिच्याबद्दल तक्रार नाही. पण पहिल्याच आठवड्यात मुलगा एका ट्रॅक्टरला चाके काढत असताना पडदा बंद झाला. तीन चाके झाली होती. चौथ्या चाकासाठी त्याने जो आकांत केला, तो ऐकून समोरच्या घरातले लोक बाहेर आले. मी रागावले, "वेळ म्हणजे वेळ" वगैरे बोलले, आणि रात्री निजताना मला वाटले की मी ओळ अर्धी असताना लोकरीचे काम खाली ठेवीन का? रांगोळी अर्धी सोडून उठेन का? तोच मुलगा व्हिडिओ बघत असताना पडदा बंद झाला तेव्हाही रडला, पण त्या रडण्यात कशाचेही अपुरेपण नव्हते. त्याला फक्त पुढचा हवा होता, आणि पुढचा मिळाला असता तर त्याच्याही पुढचा.

सासूबाईंचा प्रश्न मला तेव्हा नीट ऐकू आला. संगणकावर काही गोष्टी संपणाऱ्या असतात आणि काही न संपणाऱ्या. चित्र संपते, मासिकाचा अंक संपतो, गणिताचा एक डाव संपतो. आपोआप पुढचा लागणारा व्हिडिओ संपत नाही, कारण तो संपू नये अशीच त्याची रचना केलेली असते. दोन्हींना एकच घड्याळ लावले की चित्र काढणाऱ्या मुलावर अन्याय होतो, आणि व्हिडिओ बघणाऱ्याला असे वाटते की आईच काय ती त्याच्या आनंदाची शत्रू आहे. म्हणून मी नियम उलटा केला. बसायची वेळ ठरलेली, उठायची वेळ कामाची. आणि न संपणाऱ्या गोष्टी मुलांच्या खात्यात शक्यतो ठेवायच्याच नाहीत.

बसायच्या वेळेसाठी विंडोजमध्येच एक जुनी, फारशी कोणी वापरत नसलेली युक्ती आहे. सर्वाधिकाराच्या खात्यातून कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा लिहायची खिडकी उघडून 'नेट यूजर' या आज्ञेपुढे खात्याचे नाव आणि 'टाइम्स' असे लिहून वार आणि तास दिले, की त्या खात्यात त्याच तासांत शिरता येते. ती फक्त त्या यंत्रावरच्या स्थानिक खात्याला लागू होते, आणि वेळ पूर्ण तासांतच देता येते. जाणकार माणसे हिची एक उणीव सांगतात, की वेळ उलटल्यावर आत असलेल्याला ती बाहेर काढत नाही. मला नेमकी तीच उणीव हवी होती. आमच्याकडे पाच ते सहा दार उघडे असते. सहानंतर आत जाता येत नाही, पण जो आत आहे तो आपले चौथे चाक काढून उठतो. बहुतेक वेळा सव्वासहापर्यंत उठतो. न उठल्यास आजी आहेच.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी पडद्याचा वेळ दिवसाला दोन तासांपेक्षा कमी असावा असे सांगितले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी तो एक तासापलीकडे जाऊ नये असे म्हटले आहे. या वरच्या मर्यादा आहेत, रोजचा रतीब नव्हे. आमच्याकडे दूरदर्शन संच आणि बाबांचा मोबाइलही त्याच हिशेबात धरावा लागतो, आणि मोबाइलचा आकडा मी इथे लिहीत नाही, कारण त्यावरून घरात अजून एकमत झालेले नाही.

मुलाच्या खात्यात आता मुख्यतः टक्स पेंट असते. बिल केंड्रिक यांनी २००२ मध्ये लहान मुलांसाठी तयार केलेले हे चित्रांचे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, आणि ते मराठीतही चालते नि कन्नडमध्येही. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे चित्र साठवताना ते फाइलचे नाव विचारत नाही. ज्याला अजून जोडाक्षरे येत नाहीत, त्याला नाव विचारून अडवण्यात काय अर्थ आहे? साठवलेली चित्रे नंतर छोट्या छोट्या आकारांत समोर मांडली जातात आणि त्यातले हवे ते माउसने निवडून उघडता येते. माझा पिवळा फोल्डर पुन्हा कुठे फिरायला जाण्याची शक्यताही त्यामुळे उरली नाही. दोघांसाठी बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक आहेत. हे मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक महाजालावर फुकट वाचायला ठेवलेले आहेत. आमच्या भागात मराठी बालमासिके सहज हाती पडत नाहीत, त्यामुळे या ठेव्याची किंमत पुण्या-मुंबईच्या वाचकांपेक्षा आम्हाला थोडी अधिक कळते. एक अंक म्हणजे एक बैठक, एवढा साधा हिशेब. मुलीची कर्नाटकाच्या अभ्यासक्रमाची मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तकेही पीडीएफ स्वरूपात मिळतात, पण पुस्तक दप्तरात असताना ती कोण कशाला उघडेल?

मुलगी नऊ वर्षांची आहे आणि ती स्क्रॅच, म्हणजे मुलांसाठीचे प्रोग्रॅमिंग शिकते आहे. ठोकळे जोडून मांजराला चालवायचे, असे त्याचे स्वरूप. तिने पहिल्याच दिवशी 'कायम करत राहा' अशा अर्थाचा ठोकळा लावला आणि मांजर या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरत राहिले. सासूबाईंनी सवयीने विचारले, "हे कवा थांबतंय?" ती म्हणाली, "आजी, मी हे लाल बटण दाबल्याशिवाय थांबतच नाही." मग तिने बटण दाबून दाखवले आणि पुन्हा सुरू केले. थांबणे आपल्या हातात ठेवून न थांबणारी गोष्ट तयार करणे आणि दुसऱ्याने तयार केलेल्या न थांबणाऱ्या गोष्टीसमोर बसणे, यांतला फरक मी तिला सांगायला गेले नाही.

पण या सगळ्यात माझ्या मुलीने मला सर्वांत अनपेक्षित सुख दिले ते कळफलकावर. सीमाभागातल्या मुलाला तीन लिप्या येतात, याचे कोणाला कौतुक नसते, कारण इथे ते सगळ्यांनाच करावे लागते. शाळा मराठी, त्यात कन्नड भाषा आवश्यक, आणि इंग्रजी तर आहेच. गल्लीतल्या पाटीवर, बसवर आणि औषधाच्या दुकानावर तिला तिन्ही दिसतात. तिच्या खात्यात मी मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांचे इन्स्क्रिप्ट कळफलक लावून दिले. विंडोजची कळ आणि स्पेस बार एकत्र दाबला की एकातून दुसऱ्यात जाता येते. इन्स्क्रिप्टची मांडणी भारतीय भाषांच्या ध्वनींवर बेतलेली आहे, त्यामुळे ज्या कळीवर मराठीचा 'क' आहे, त्याच कळीवर कन्नडचाही 'क' आहे. स्वर डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे. पहिले दोन आठवडे ती बोटांनी शोधत शोधत लिहीत होती, आणि मग एका संध्याकाळी तिने आमच्या गावाचे नाव दोन्ही लिप्यांत लिहायला घेतले.

'बेळगाव' लिहायला मराठीत सहा कळा लागतात. 'ब' वायवर, एकाराची मात्रा एसवर, 'ळ' शिफ्ट धरून एनवर, 'ग' आयवर, काना ईवर, 'व' बीवर. मग तिने भाषा बदलली आणि त्याच कळा तशाच दाबल्या. कन्नड अक्षरे उमटली, पण तिला ती शाळेत पाहिलेल्या नावासारखी दिसेनात. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव 'बेळगावी' झाले आहे, म्हणून शेवटी ऱ्हस्व इकार हवा, तो एफवर मिळाला, म्हणजे सात कळा झाल्या. तरीही पहिले अक्षर काहीतरी वेगळेच. तिने कन्नडच्या पुस्तकातले पान काढून पडद्याला टेकवले, दोन्हींवर नाक लावून पाहिले, आणि एसच्या खालची झेडची कळ दाबून बघितली. जमले. मराठीत 'बे' एकच, पण कन्नडमध्ये ऱ्हस्व 'बे' आणि दीर्घ 'बे' वेगळे असतात, आणि गावाच्या कन्नड नावात तो ऱ्हस्व आहे. हे मला या गावात जन्म काढूनही कळफलकाशी जोडून कधी सुचले नव्हते. त्या दिवशी ती सात वाजेपर्यंत बसली होती आणि मी तिला उठवले नाही. नियम कोणी केला होता, असे मुलाने विचारले, तर त्यालाही काही उत्तर दिले नाही.

शेजारचा कन्नड बोलणारा मुलगा आला की तिघे एका यंत्रापुढे असतात. तेव्हा एकाने माउस धरायचा आणि बाकीच्यांनी सांगायचे. पाळी बदलण्यासाठी मी मोबाइलचा गजर लावून पाहिला, पण तो कोणी ना कोणी बंद करत असे आणि मग त्यावरून वाद. आता पाळी कुकरच्या तीन शिट्ट्यांवर बदलते. शिट्ट्यांमधले अंतर डाळीवर अवलंबून असते, कधी पाळी चार मिनिटांची होते तर कधी नऊ, आणि तरीही त्यांचा कुकरवर घड्याळापेक्षा जास्त विश्वास आहे. कुकर कोणाच्या बाजूचा नाही, हे त्यांना पटले असावे.

इंटरनेटच्या गाळणीबद्दल थोडक्यात लिहिते. आमच्या राउटरमध्ये डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या सेवेचा पत्ता बदलून मी क्लाउडफ्लेअरची १.१.१.३ ही सेवा लावली आहे. ती २०२० मध्ये सुरू झाली आणि अश्लील व घातक संकेतस्थळांचे पत्तेच उघडू देत नाही. केबलवाल्याच्या माणसाने राउटर पुन्हा मूळ मांडणीवर आणला की हे पुसले जाते, म्हणून तो येऊन गेला की मी तपासते. मोबाइलच्या स्वतःच्या इंटरनेटवर याचा काही उपयोग नाही, आणि यूट्यूबवरचा एकेक व्हिडिओ ती निवडून देत नाही. यूट्यूब लागलेच तर मी शेजारी बसून, आपोआप पुढचा लागण्याचे बटण बंद करून, एक व्हिडिओ लावते आणि खिडकी बंद करते. एका नातेवाइकांनी मुलीच्या नावाने खाते उघडताना जन्मवर्ष वाढवून लिहायचा सल्ला दिला होता, म्हणजे म्हणे कटकट नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचे प्रत्येक माणूस बालक धरले आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती लागते, असे म्हटले आहे. जी कटकट माझ्या मुलीच्या बाजूने लिहिलेली आहे, ती मी स्वतःच्या हाताने का काढून टाकावी?

हे सगळे दर दिवशी असेच चालते, असे मात्र नाही. मे महिन्याच्या सुट्टीत आणि पावसाळ्यात, जेव्हा व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चिखल असतो आणि पोरे घरात कोंडलेली असतात, तेव्हा पाच ते सहाचे दार कधी चारलाच उघडते. महिन्याच्या १० आणि १९ तारखेला, म्हणजे विवरणपत्रांच्या मुदतींच्या आदल्या दिवशी, मला संगणक सोडता येत नाही, तेव्हा मुले बाबांच्या मोबाइलकडे वळतात आणि आठवड्याची घडी विस्कटते. वीज गेली की यूपीएस टूं टूं करत पाच मिनिटे देतो, त्यात चित्र साठवायचे असते हे मुलगा मात्र कधीच विसरत नाही.

गेल्या पंधरवड्यात एका दुपारी मी कामाला बसले होते. पासवर्ड घातला, आणि मागे पाटावर बसून कंगवे-बाहुलीचा खेळ मांडलेला मुलगा मान वर न करता म्हणाला, "आई, तुझ्या पासवर्डमध्ये सहा कळा आहेत आणि मधी एकदा तू शिफ्ट दाबतीस." मी म्हटले, असेल. तेवढ्यात मुलगी आतून वही घेऊन आली, त्याच्याकडे पाहिले, माझ्या बोटांकडे पाहिले आणि हसायला लागली. सहा कळा, तिसरी शिफ्ट धरून. तिला विचारायची गरज नव्हती.

त्या रात्री मी पासवर्ड बदलला. नवा किती कळांचा आहे ते इथे लिहीत नाही, कारण हल्ली ती मी लिहिलेले वाचूही लागली आहे.